नगीब महफूज यांचे कैरो

प्रश्न : नगीब महफूज यांना नोबेल कोणत्या पुस्तकासाठी मिळाले? त्यांचे वाचन कोठून सुरू करावे?

उत्तर : पारितोषिक एका पुस्तकासाठी नव्हे, समग्र लेखनासाठी होते. १९११ साली कैरोच्या गमालिया या जुन्या भागात जन्मलेल्या महफूज यांनी तत्त्वज्ञानाची पदवी घेतली, निवृत्तीपर्यंत सरकारी नोकरी केली आणि ती सांभाळून तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या; १९८८ मध्ये साहित्याचे नोबेल मिळवणारे ते पहिले अरबी लेखक ठरले.

सुरुवात ‘कैरो त्रयी’नेच करावी, असा माझा आग्रह आहे. १९५६-५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या तीन कादंबऱ्यांत एका व्यापारी कुटुंबाच्या तीन पिढ्या येतात. पहिल्या भागात, नवरा परगावी गेलेला असताना, मुलांनी भरीस घातल्यामुळे अमीना हुसेन मशिदीत जाते. परतताना मोटारीचा धक्का लागून तिचे गळपट्टीचे हाड मोडते आणि ती बरी होताच नवरा तिला माहेरी धाडतो. घरात करडा अंमल गाजवणारा हाच माणूस रात्री मित्रांच्या मैफलीत दिलखुलास हसतो, आणि लेखक त्याला कोठेही खलनायक करत नाही. त्यांचे मोठेपण मला यातच दिसते.

‘अल-अहराम’ दैनिकात १९५९ मध्ये क्रमशः आलेल्या त्यांच्या रूपकात्मक कादंबरीला धर्ममार्तंडांनी कडाडून विरोध केला. त्याच रोषातून १९९४ मध्ये त्यांच्या मानेवर चाकूहल्ला झाला आणि उजवा हात जवळजवळ निकामी झाला. तरीही २००६ मध्ये निधन होण्यापूर्वीच्या वर्षांत त्यांनी स्वप्नांवरच्या अगदी छोट्या कथा लिहिल्या. त्रयीनंतर त्या जरूर वाचाव्यात.