पॅकेज वाढवायच्या आधी जागा खातंय कोण ते बघा

तुमचा प्रश्न वाचला आणि मला होस्टिंग कंपनीच्या सपोर्टला टाकलेली माझीच जुनी तिकिटं, म्हणजे तक्रारी, आठवली. साईट जेमतेम ३०० एमबीची, होस्टिंगचं अकाउंट ५ जीबीचं, तरी कंट्रोल पॅनेलवर लाल पट्टी आणि डिस्क फुल, आणि आता तुम्ही विचारताय की २० जीबी घेऊ का सरळ अनलिमिटेड. थांबा जरा. आज काहीच घेऊ नका.

फायली आणि डेटाबेस जागा खातात हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही. माझं काय झालं ते सांगतो.

माझं अकाउंट १० जीबीचं होतं आणि साईट तुमच्याएवढीच. मला हौस भारी, म्हणून स्वतःच एक क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावला, दर रविवारी रात्री अख्ख्या होम फोल्डरचं, म्हणजे अकाउंटच्या मुख्य फोल्डरचं, टार (सगळ्या फायली एकत्र बांधलेली एक फाईल) बनवायचं. आणि ते ठेवायचं कुठे, तर त्याच होम फोल्डरमध्ये, बॅकअप नावाच्या फोल्डरात! टार जी फाईल बनवतोय ती स्वतःला वगळतो, पण गेल्या आठवड्याची वगळत नाही ना. म्हणजे पहिला बॅकअप ३०० एमबी, एकूण ६००. दुसरा ६००, एकूण १२००. मग २४००, ४८००, आणि पाचव्या रविवारी ९६००. (फोटो आधीच कॉम्प्रेस असतात, त्यामुळे झिप करून काही फरक पडत नाही.) सहाव्या रविवारी रात्री डिस्क फुल. सोमवारी सकाळी साईटवर लॉगिन होईना आणि मेल यायचे बंद.

सपोर्टला तिकीट टाकलं. उत्तर काय, तर 'आपला वापर वाढला आहे, कृपया वरचं पॅकेज घ्या.' कुठला फोल्डर वाढलाय विचारलं तर तेच वाक्य पुन्हा, फक्त खाली नाव दुसऱ्या माणसाचं. मग घेतलं २० जीबीचं, काय करणार. पुढच्या रविवारी क्रॉनने १० जीबीचा बॅकअप काढला आणि तेही भरलं. दुप्पट केलेली जागा बरोब्बर एक आठवडा पुरली! आणि सपोर्टचं उत्तर परत तेच. त्यांच्या स्क्रीनवर तो फोल्डर दिसत नसेल यावर माझा आजही विश्वास नाही, एक ओळ लिहिली असती तरी पुरलं असतं. पैशाचं जाऊ दे, पण मेलबॉक्सही त्याच कोट्यात, म्हणजे त्याच ठरलेल्या जागेत, होता, त्यामुळे त्या दोन सोमवारी ज्यांनी चौकशीचे मेल टाकले त्यांना ते परत गेले, आणि कोणी टाकले होते हे मला कधीच कळणार नाही.

तर तुम्ही आधी पॅनेलमधलं डिस्क युसेज उघडा, किंवा एसएसएच (सर्व्हरवर दुरून कमांड चालवायची सोय) असेल तर होम फोल्डरमध्ये डीयू ही फोल्डरांचा आकार दाखवणारी कमांड चालवून आकड्याप्रमाणे लावून बघा. फाईल मॅनेजरमध्ये हिडन फाईल्स दाखवा हे टिकमार्क केलंत का? कारण डिलीट केलेलं बऱ्याचदा ट्रॅश नावाच्या लपलेल्या फोल्डरात जाऊन बसतं आणि कोट्यात मोजलं जातं. मग एरर लॉग, म्हणजे साईटच्या चुका नोंदवणारी फाईल. एखादं प्लगिन (साईटला जोडलेलं जादा सॉफ्टवेअर) प्रत्येक पेजलोडला वॉर्निंग फेकत असेल तर ही फाईल गुपचूप फुगत जाते, आणि नुसती उडवून भागत नाही, वॉर्निंग कशाची येते ते बघावं लागतं.

साईट वर्डप्रेसवर बनवलेली असेल तर एका फोटोच्या सहा-सात साईझ बनतात, थीमच्या वेगळ्या. वर्डप्रेसच्या ५.३ आवृत्तीपासून २५६० पिक्सेलपेक्षा मोठा फोटो टाकला की छोटी कॉपी बनते पण मूळ फाईलही तिथेच राहते. म्हणून फोनमधले फोटो आधी लहान करा आणि मग चढवा. मेलचंही तसंच, अटॅचमेंट एन्कोड होऊन साधारण तिसरा हिस्सा जास्त जागा घेते, आणि सेंट फोल्डर कोणी साफ करत नाही.

अनलिमिटेडबद्दल माझं मत वाईट आहे, आधीच सांगतो. जीबी अनलिमिटेड असले तरी अटींमध्ये बहुतेक वेळा आयनोडची मर्यादा असते, म्हणजे फाईल आणि फोल्डर मिळून किती. कॅशचं प्लगिन (ते पानांच्या तयार कॉपी साठवतं) आणि जुने मेल मिळून ती सहज संपते, आणि जीबी रिकामे दिसत असताना एरर डिस्क फुलचाच येतो.

सगळं साफ केल्यावर जो आकडा उरेल त्याच्या अडीच-तीन पट मी घेईन. हा माझा अंदाज हं, तुमच्याकडे व्हिडिओ किंवा लोकांनी अपलोड केलेल्या फायली असतील तर तो लागू नाही. बॅकअप मात्र त्या अकाउंटवर ठेवायचाच नाही, डाउनलोड करा किंवा दुसरीकडे ढकला. आणि सर्व्हरवरचा उडवायच्या आधी उतरवलेला एकदा उघडून बघा. माझा सहावा बॅकअप मी जपून उतरवून ठेवला होता, जागा संपल्यामुळे तो अर्धाच लिहिला गेला होता आणि उघडलाच नाही.