पंचशील म्हणणाऱ्यांच्या हातून हिंसा कशी घडते?

प्रश्न : आमच्या घरी रोज त्रिशरण-पंचशील होतं. पहिलंच शील हिंसेपासून दूर राहण्याचं. मग म्यानमारमध्ये भिक्खूंनीच मुसलमानांविरुद्ध लोकांना कसं भडकवलं? ते खरे बौद्ध नव्हते, असं समजायचं का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : तसं समजल्याने मन हलकं होईल, पण कारण कळणार नाही. ते रीतसर उपसंपदा, म्हणजे संघाची पूर्ण दीक्षा, घेतलेले भिक्खू होते. शील त्यांनी नाकारलं नाही, त्याला अपवाद काढला : सासन, म्हणजे बुद्धाची शिकवण आणि तिची परंपरा, धोक्यात असेल तर ती आधी वाचवायची.

या भीतीचं मूळ जुनं आहे. ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, सासनाचा रक्षक राजा असे. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि थिबा राजाला हद्दपार केलं. तो १९१६ मध्ये आपल्या रत्नागिरीतच वारला. रक्षक गेल्यावर ती जबाबदारी आपली, असं भिक्खू आणि उपासक मानू लागले. इंग्रजी अमलात हिंदुस्थानातून मजूर, व्यापारी, सावकार मोठ्या संख्येने तिकडे गेले. जमीन आणि रोजगाराचा राग धर्माच्या भाषेत बोलला जाऊ लागला. १९३८ च्या रंगूनच्या मुस्लिमविरोधी दंगलींत भिक्खूही होते. पुढे लष्करी राजवटीने १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने बहुतेक रोहिंग्या मुसलमानांना परकं ठरवलं. देशात जवळपास ८८ टक्के बौद्ध, तरी आपण संपत चाललो आहोत ही भावना. बहुसंख्याकांच्या मनातली ही भीती मला सगळ्यात घातक वाटते, कारण तिच्या पाठीशी सत्ता असते.

२०१२ नंतर भिक्खूंची ‘९६९’ ही मुस्लिमविरोधी मोहीम पसरली. हा आकडा बुद्धाचे ९, धम्माचे ६ आणि संघाचे ९ गुण दाखवतो. तुम्ही वंदनेत ‘इति पि सो भगवा’ म्हणता, तेच हे गुण. त्यांचे स्टिकर दुकानांवर लागले : खरेदी आपल्याच माणसाकडे करा. बहिष्कारासोबत प्रवचनांच्या सीडी आल्या, मग मोबाइल स्वस्त झाला आणि फेसबुक आलं. जुलै २०१४ मध्ये मंडालेत एका बौद्ध स्त्रीवर मुसलमानांनी बलात्कार केल्याची बातमी फेसबुकवरून पसरली. विराथू या भिक्खूनेही ती पसरवली. दंगलीत दोघे मारले गेले, एक बौद्ध आणि एक मुसलमान. तक्रार खोटी होती, पैसे देऊन करवलेली. २०१५ मध्ये आंतरधर्मीय विवाह आणि धर्मांतरावर निर्बंध घालणारे कायदेही झाले.

अपवादाला ग्रंथाधारही शोधला गेला. श्रीलंकेतल्या ‘महावंसा’त, पंचविसाव्या परिच्छेदात, एळार या तमिळ राजाला हरवल्यावर दुट्ठगामणी राजा एवढ्या माणसांच्या मृत्यूने व्याकूळ होतो. आठ अर्हत, म्हणजे निर्वाणाला पोचलेले भिक्खू, त्याला सांगतात, तू दीडच माणूस मारलास : एकाने नुसतं त्रिशरण घेतलं होतं, म्हणून तो अर्धा, दुसऱ्याने पंचशील; बाकीचे पशूंसारखे. हे त्रिपिटकातलं बुद्धवचन नाही, राजवंशाची बखर आहे. तरी ऑक्टोबर २०१७ मध्ये सितागू सयाडो या नामवंत भिक्खूंनी लष्करी अधिकाऱ्यांसमोर हीच कथा सांगितली. त्या वेळी लाखो रोहिंग्या जीव मुठीत धरून बांगलादेशाकडे पळत होते. धम्मपदातलं ‘न हि वेरेन वेरानि’, म्हणजे वैराने वैर शमत नाही, हे त्या श्रोत्यांनाही ठाऊक असणार. पण आधी समोरच्याला माणसांतून वजा केलं की ते वचन अडवत नाही.

प्रश्न : संघ अशा भिक्खूंना काढून का टाकत नाही?

उत्तर : विनयाप्रमाणे, म्हणजे भिक्खूंच्या नियमांप्रमाणे, माणसाला जाणूनबुजून मारणं किंवा मारायला लावणं हे पाराजिक, असा भिक्खू संघाबाहेर जातो. पण ‘आपलं रक्षण करा’ एवढंच म्हणणारं प्रवचन त्यात बसवणं अवघड. म्यानमारची ४७ जणांची संघ महानायक समिती सरकारच्या छायेत चालते. तिने विराथूवर प्रवचनबंदी घातली ती मार्च २०१७ मध्ये, तीही वर्षभराचीच. उलट मार्च २०१३ मध्ये मेइक्तिलाच्या दंगलीत, जिथे ४० हून अधिक माणसं मेली, तिथल्याच एका विहाराच्या प्रमुख भिक्खूंनी शेकडो मुसलमानांना आसरा दिला. त्यासाठी त्यांनी कोणत्याही समितीच्या आदेशाची वाट पाहिली नाही.