वाचकांचे प्रश्न : कुलूपबंद घरांची नोंद

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातील एका खेड्यात शिक्षिका आहे. दिवाळीनंतर आमच्या गावातील कितीतरी घरांना कुलूप लागते, कारण माणसे ऊसतोडीला गेलेली असतात. सरकारी सर्वेक्षणांत या स्थलांतराची मोजणी होते का? आणि त्यांच्या मतदानाविषयी काही संशोधन झाले आहे का?

उत्तर : मोजणी होते, पण मोजपट्टीच अशी आहे की आपल्या गावची माणसे बहुधा तिच्यातून निसटतात. 2020-21 च्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात देशातील 28.9 टक्के लोक स्थलांतरित असल्याचे आढळले. हा आकडा मोठा दिसतो, परंतु त्यात लग्नानंतर सासरी गेलेल्या स्त्रियांचा भरणा आहे. स्थलांतरित स्त्रियांपैकी 86.8 टक्के स्त्रियांनी लग्न हेच कारण सांगितले होते. सलग सहा महिने किंवा अधिक काळ जिथे वास्तव्य असते ते नेहमीचे ठिकाण, अशी व्याख्या असल्यामुळे मुकादमाकडून (टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन गेलेले आणि पाचएक महिन्यांनी परतणारे जोडपे कागदोपत्री गावातच राहिलेले असते. 2007-08 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत एक ते सहा महिने कामासाठी बाहेर राहिलेल्यांची वेगळी नोंद घेतली गेली होती, ते योग्यच होते. मात्र संपूर्ण कुटुंबच फडावर असेल तर प्रश्न विचारायचा कोणाला? घर बंद आढळल्यास त्याऐवजी दुसरे घर निवडले जाते आणि ज्याची माहिती हवी तोच नमुन्यातून वगळला जातो. 2016-17 च्या आर्थिक पाहणीने रेल्वेच्या अनारक्षित तिकिटांवरून राज्याराज्यांतील वार्षिक स्थलांतर सुमारे 90 लाख असल्याचा अंदाज बांधला. परंतु बीडहून ट्रकने किंवा ट्रॅक्टरने कोल्हापूरकडे जाणारी टोळी त्यातही दिसणार नाही. माझ्या मते हंगाम संपल्यावर, मे महिन्यात, गावातच प्रत्येक व्यक्तीचे मागील बारा महिने महिनावार विचारून घेणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

मतदानाविषयी निखर गायकवाड आणि गॅरेथ नेलिस या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांचे 2021 मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन जरूर पाहावे. दिल्ली आणि लखनौ येथील स्थलांतरितांपैकी काहींना, यादृच्छिक निवड करून, मतदार नोंदणीसाठी घरपोच मदत देण्यात आली. त्यामुळे त्यांची शहरातील नोंदणी 24 टक्के बिंदूंनी आणि पुढच्या निवडणुकीतील मतदान 20 टक्के बिंदूंनी वाढले. अनास्थेपेक्षा कागदपत्रांची कटकटच आड येते, असा त्याचा अर्थ मी घेतो. ऊसतोड कामगारांना मात्र हा उपाय जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण त्यांचे मत गावातच राहायला हवे. ग्रामपंचायत, रेशन, शाळा सारे तिथेच आहे. विधानसभेचे मतदान 20 नोव्हेंबर 2024 ला, म्हणजे ऐन गाळप हंगामाच्या तोंडावर झाले. निवडणूक आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये एकाच यंत्रावर 72 मतदारसंघांचे मतदान घेता येईल असे दूरस्थ मतदान यंत्र सुचवले होते, पण 2024 च्या निवडणुकांत ते वापरले गेले नाही.

आपल्याकडे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे (बीएलओ), म्हणजे मतदार यादी तपासण्याचे, काम असेल, तर एक गोष्ट आवर्जून सांगतो. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 20 नुसार, तात्पुरती अनुपस्थिती असली म्हणून सर्वसाधारण रहिवास संपत नाही. तेव्हा हिवाळ्यात एखाद्या दाराला कुलूप दिसले, तर एवढ्यावरून त्या घरातील नावे यादीतून वगळण्याची शिफारस करू नये. शेजाऱ्यांकडून चौकशी करून, कुटुंब परतल्यावर पुन्हा भेट द्यावी.