वाचकांचे प्रश्न : डोळ्यात नव्या रक्तवाहिन्या येणे वाईट का?

प्रश्न : माझे वय ६३ असून मला १७ वर्षांपासून मधुमेह आहे. दोन्ही डोळ्यांनी वर्तमानपत्र नीट वाचता येते. तरीही गेल्या महिन्यात तपासणीत डोळ्याच्या पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या उगवत असल्याचे निघाले आणि लेझर किंवा इंजेक्शन लागेल, असे सांगण्यात आले. मी आयुष्यभर पाणीपुरवठ्याच्या कामात होतो. जिथे पाणी पोहोचत नाही तिथे नवी जलवाहिनी टाकतात. शरीर स्वतःच ती टाकत असेल, तर जाळायची कशासाठी? शिवाय सुचवलेले औषध मुळात कर्करोगाचे आहे, हे कळल्यापासून घरचे घाबरले आहेत.
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपला तर्क निम्मा बरोबर आहे आणि तो कुठे चुकतो, हे आपल्याच कामाच्या भाषेत सांगता येईल. दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याचा पडदा, वजनाच्या मानाने शरीरात सर्वाधिक प्राणवायू लागणाऱ्या भागांपैकी एक आहे. वर्षानुवर्षे वाढलेल्या साखरेमुळे त्यातील केशवाहिन्या बुजत जातात आणि पडद्याचे काही भाग उपाशी राहतात. या उपाशी भागांतून झिरपणारे एखादे रसायनच नव्या वाहिन्यांना बोलावत असावे, असा तर्क आयझॅक मायकेलसन यांनी १९४८ मध्ये मांडला होता. ते रसायन हाती लागायला चार दशके गेली. १९८९ मध्ये नेपोलिओन फेरारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हीईजीएफ हे प्रथिन ओळखले आणि १९९४ मध्ये, ज्यांच्या डोळ्यात अशा वाहिन्या वाढत होत्या त्या मधुमेही रुग्णांच्या नेत्रद्रवात तेच प्रथिन भरपूर सापडले.

गफलत होते ती पुढे. हे प्रथिन जिथे टंचाई आहे तिथेच न थांबता डोळ्यातील जेलीसारख्या काचद्रवात पसरते, आणि त्यामुळे नव्या वाहिन्या उपाशी भागात शिरण्याऐवजी पडद्याच्या पृष्ठभागावरून काचद्रवाच्या दिशेने वाढत जातात. म्हणजे जलवाहिनी टाकली खरी, पण ती तहानलेल्या वस्तीत न जाता कच्च्या सांध्यांनिशी भलत्याच मैदानात गेली. तिच्या भिंती नाजूक असतात, त्यातून रक्तस्राव होतो आणि सोबत वाढणारे तंतू आकसू लागले की पडदा जागेवरून ओढला जातो. तोवर नजर चांगली राहू शकते, कारण वाचनासाठी पडद्याच्या मधला लहानसा भागच लागतो. वर्तमानपत्र वाचता येते म्हणून उपचार पुढे ढकलू नका, हे मी कळकळीने सांगतो.

आता लेझर. आपल्या प्रकारच्या आजारात ते सहसा नव्या वाहिन्यांवर मारत नाहीत. ते पडद्याच्या कडेच्या, प्राणवायूला मुकलेल्या भागावर ठिपक्याठिपक्यांनी मारतात. त्या भागाची मागणी संपली की व्हीईजीएफ घटते आणि नव्या वाहिन्या आकसतात. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत या उपचाराने दृष्टी गंभीरपणे जाण्याचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटल्याचे दिसले. त्याची किंमतही मोजावी लागते : कडेची आणि अंधारातील नजर काहीशी कमी होऊ शकते.

इंजेक्शनातील औषध व्हीईजीएफलाच बांधून ठेवते. कर्करोगाची गाठही याच प्रथिनाच्या जोरावर स्वतःसाठी रक्तवाहिन्या ओढून घेते, म्हणून बेव्हॅसिझुमॅब हे औषध २००४ मध्ये प्रथम आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झाले आणि २००५ पासून नेत्रतज्ज्ञ ते अगदी अल्प मात्रेत डोळ्यात देऊ लागले. याचा अर्थ आपल्याला कर्करोग आहे असा मुळीच नाही, हे घरच्यांना सांगावे. मात्र इंजेक्शनाचा परिणाम काही आठवड्यांत ओसरतो, आणि मध्येच तपासणी सोडणाऱ्यांमध्ये, लेझर झालेल्यांपेक्षा इंजेक्शनांवर अवलंबून असलेल्यांची अवस्था अधिक बिघडलेली आढळते. आपण वर्षातले काही महिने गावी राहत असाल, तर ते डॉक्टरांना निवड करण्यापूर्वीच सांगा. माझ्या मते अशा वेळी लेझरचे पारडे जड ठरते.

प्रश्न : माझी नात ३० व्या आठवड्यात जन्मली, वजन १३०० ग्रॅम. आज ती २२ दिवसांची आहे. ती पेटीत प्राणवायूवर होती. शेजारच्या बाई म्हणतात, प्राणवायूने डोळे जातात. रुग्णालयात मात्र डोळ्यांविषयी कोणी काही बोललेले नाही.
– एक आजी, नेरुळ, नवी मुंबई

उत्तर : आजी, वरच्या उत्तरातील प्रथिनच इथेही आहे, फक्त क्रम उलटा आहे. पडद्यावरील रक्तवाहिन्या गर्भाच्या साधारण १६ व्या आठवड्यापासून मध्यातून कडेकडे वाढत जातात आणि पूर्ण दिवस भरत येईपर्यंत कडेला पोहोचतात. बाळ लवकर जन्मले की त्याला गर्भातल्यापेक्षा बराच जास्त प्राणवायू मिळतो, व्हीईजीएफ घटते आणि वाढ अर्ध्यावर थांबते. काही आठवड्यांनी पडद्याची गरज वाढते, वाहिन्या न पोहोचलेला भाग उपाशी पडतो आणि मग व्हीईजीएफ एकदम उसळून वेड्यावाकड्या वाहिन्या फुटतात.

शेजारणीच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. अनिर्बंध प्राणवायूचा हा धोका १९५० च्या दशकात सिद्ध झाला. मात्र २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत प्राणवायूची पातळी कमी ठेवलेल्या बाळांमध्ये डोळ्यांचा गंभीर आजार कमी, पण मृत्यू अधिक आढळले. नातीला प्राणवायू दिला याचा दोष कोणाला देऊ नका, तो तिला जगवण्यासाठी हवाच होता.

दोष द्यायचा तो तपासणीविषयी न बोलण्याला. भारतात ३४ आठवड्यांपूर्वी किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाची पडद्याची पहिली तपासणी ३० दिवसांच्या आत व्हावी, असा दंडक आहे. आपल्या हाती आठ दिवस आहेत. बाळाच्या पडद्याची तपासणी करणारे नेत्रतज्ज्ञ कोण, हे आजच बालरोगतज्ज्ञांना विचारा आणि जन्माच्या वेळचे कागद सोबत ठेवा. पहिल्या तपासणीत काही निघाले नाही, तरी वाहिन्या कडेपर्यंत पोहोचल्याचे डॉक्टर सांगेपर्यंत पुढच्या तारखा चुकवू नका.