वाचकांचे प्रश्न : हुआन रुल्फो आणि कोमालाचे रहिवासी

हुआन रुल्फो या मेक्सिकन कथाकाराविषयी आलेल्या पत्रांतील काही प्रश्न निवडून त्यांना येथे उत्तरे दिली आहेत. ज्यांनी त्यांची ‘पेद्रो पारामो’ ही कादंबरी अजून वाचलेली नाही त्यांनी पहिले उत्तर तूर्त वगळावे, कारण कादंबरीतला मुख्य पेच त्यात उघड झाला आहे.

प्रश्न : ‘पेद्रो पारामो’ दोनदा वाचायला घेतली आणि दोन्ही वेळा निम्म्यावर अडलो. बापाच्या शोधात कोमाला गावी आलेला हुआन प्रेसियादो आपली हकिगत सांगत असतो, आणि अचानक तोच मेलेला असल्याचे कळते. मधेच काळ बदलतो, कोण बोलते आहे ते उमगत नाही. दोष माझ्या वाचनाचा की लेखकाचा?

दोष कोणाचाच नाही. तुम्ही जिथे अडलात ती जागा रुल्फोंनी मुद्दाम तशी घडवली आहे. मरणाऱ्या आईला दिलेल्या शब्दाखातर हुआन कोमालात उतरतो. वाटेत भेटलेला खेचरवाला अबुंदिओ, आपणही पेद्रो पारामोचाच मुलगा असल्याचे सहज सांगून जातो. एदुविखेस नावाची बाई हुआनची राहण्याची सोय करते. आणि मग एकेकाबद्दल कळत जाते की ही माणसे केव्हाच गेलेली आहेत. तोवर आपला समज असा की, एक जिवंत माणूस मेलेल्यांच्या गावात शिरला आहे. निम्म्यावर आल्यावर उलगडते की गावातल्या कुजबुजीने हुआनचाही जीव घेतला आहे, दोरोतेआ नावाच्या म्हातारीसह तो एकाच खड्ड्यात पुरलेला आहे, आणि इतका वेळ आपण ऐकत होतो ती हकिगत तो तिलाच सांगत होता. म्हणजे ऐकणारी पहिल्या ओळीपासून तिथे होती, फक्त आपल्याला तिचा पत्ता नव्हता.

ही रचना कशी साधली हे रुल्फोंनीच पुढे सांगून ठेवले आहे. 1954 मध्ये एप्रिल ते ऑगस्ट या चार महिन्यांत त्यांनी सुमारे तीनशे पाने लिहिली, आणि नंतर एकामागून एक खर्डे करत ती निम्म्यावर आणली. गेले ते सगळे विषयांतर आणि लेखकाचे मधे मधे येऊन समजावणे. उरले ते सत्तरच्या आसपास छोटे तुकडे, ज्यांना ना मथळा आहे ना क्रमांक. एका तुकड्यातून दुसऱ्यात जाताना लागणारा दुवा लेखकाने काढून घेतला असल्यामुळे तो वाचकाला स्वतः जोडावा लागतो. मेलेल्या माणसाला काल काय आणि तीस वर्षांपूर्वी काय, सारखेच. तेव्हा हा क्रम विस्कटलेला आहे असे म्हणण्यापेक्षा तो सांगणाऱ्यांच्या स्थितीला साजेसा आहे असे मी म्हणेन.

तिसऱ्यांदा वाचायला घ्याल तेव्हा एक खूण ध्यानात ठेवा. हुआन ज्या कोमालात येतो तिथे उकाडा आहे, हवा हलत नाही. पेद्रोच्या लहानपणाचा पहिला तुकडा मात्र पाण्याने सुरू होतो : कौलांवरून ठिबकणारे थेंब अंगणातल्या वाळूत खळगा पाडत आहेत, आणि पोरगेलासा पेद्रो संडासात बसून बालमैत्रीण सुसाना हिच्यासोबत पतंग उडवल्याच्या आठवणीत इतका बुडाला आहे की, आई बाहेरून हाका मारते आहे. ओलावा दिसला की बहुतेक वेळा आपण मागच्या काळात गेलेलो असतो. ही खूण प्रत्येक ठिकाणी लागू पडत नाही, पण बराचसा गुंता तिने सुटतो.

प्रश्न : रुल्फोंच्या लिखाणात इतका मृत्यू, इतका ओसाडपणा कोठून आला? ते सारे कल्पनेतले आहे का?

फारसे नाही. रुल्फोंचा जन्म 16 मे 1917 रोजी पश्चिम मेक्सिकोतील हालिस्को राज्याच्या दक्षिण भागात झाला आणि बालपण सान गाब्रिएल या गावात गेले. घर जमीनदाराचे होते, पण मेक्सिकन क्रांतीच्या धामधुमीत त्याची रया गेली. 1923 मध्ये, रुल्फो सहा वर्षांचे असताना, गुरे शेतात शिरण्यावरून झालेल्या वादातून त्यांच्या वडिलांचा खून झाला. 1926 ते 1929 या काळात सरकारच्या चर्चविरोधी कायद्यांविरुद्ध ‘क्रिस्तेरो’ बंड पेटले आणि हालिस्को त्याच्या ऐन केंद्रस्थानी होते. याच बंडाच्या दिवसांत, 1927 मध्ये, आईही गेली आणि मुलाची रवानगी ग्वादालाहारा शहरातल्या अनाथाश्रमात झाली. त्या बंडाच्या धुमाळीत एक गोष्ट मात्र त्यांच्या पथ्यावर पडली : गावच्या पाद्रीबाबांनी आपला ग्रंथसंग्रह रुल्फोंच्या आजीकडे ठेवायला दिला होता, आणि बाहेर गोळीबार चाललेला असताना हा मुलगा घरात बसून ती पुस्तके वाचत असे.

वडिलांच्या खुनाचे पडसाद ‘मला मारू नका म्हणावं त्यांना’ अशा अर्थाचे शीर्षक असलेल्या कथेत उमटले आहेत. चाऱ्याच्या वादातून एका माणसाने शेजारच्या जमीनदाराला मारले आहे. पस्तीसेक वर्षे लपूनछपून काढल्यावर म्हातारपणी तो पकडला जातो, आणि ज्याच्या हुकमाने त्याला गोळी घातली जाणार आहे तो कर्नल निघतो त्या जमीनदाराचाच मुलगा. कथेतल्या मारेकऱ्याला रुल्फोंनी आपल्या वडिलांच्या खऱ्या मारेकऱ्याचे आडनाव दिले, आणि मग सगळी कथा त्या मारेकऱ्याच्या बाजूने, त्याच्या जिवाच्या आकांताने भरून लिहिली. सूड घेणाऱ्या मुलाचा चेहरासुद्धा आपल्याला दिसत नाही. आतल्या खोलीतून त्याचा आवाज तेवढा येतो. बापाचा खून झालेल्या लेखकाने हे करावे, यापरते संयमाचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

ओसाड गावाचेही तसेच. मोठेपणी रुल्फो आपल्या बालपणीच्या गावी परतले तेव्हा एके काळी हजारोंनी नांदत्या असलेल्या त्या गावात जेमतेम दीडशे माणसे उरली होती. लोक कुलपे लावून निघून गेले होते. कोणाला तरी रस्त्यांच्या कडेने सुरूची झाडे लावण्याची बुद्धी झाली होती, आणि रात्री वारा सुटला की ती झाडे विव्हळल्यासारखी वाजत. त्या मुक्कामात आपल्याला कोमालाचे एकाकीपण कळले, असे रुल्फोंनी मुलाखतीत सांगितले आहे. तेव्हा गावात भुते आणण्याची त्यांना गरज पडली नाही. माणसे नाहीशी झाली होती आणि आवाज मागे राहिले होते.

प्रश्न : गाब्रिएल गार्सिया मार्केस यांच्या कादंबरीत एक तरुणी वाळत घातलेल्या चादरींसकट आकाशात जाते. असे नेत्रदीपक काही रुल्फोंमध्ये सापडत नाही. मग त्यांना जादुई वास्तववादी म्हणणे कितपत योग्य आहे?

हे नाव 1925 मध्ये फ्रान्झ रोह या जर्मन समीक्षकाने चित्रकलेसंदर्भात वापरले आणि लॅटिन अमेरिकेच्या साहित्याला ते बरेच नंतर चिकटले. रुल्फोंनी त्याच्या आधाराने काही लिहिले असे नाही. तरीही ते सोडून द्यावे असे मला वाटत नाही, कारण त्यातला गाभा, म्हणजे अघटित गोष्ट आवाज न चढवता सांगणे, हा रुल्फोंइतका फार थोड्यांना साधला आहे. कोमालाच्या उकाड्याबद्दल अबुंदिओ म्हणतो की, तिथली माणसे मेल्यावर नरकात पोचली तरी घोंगडी न्यायला परत येतात. हा अस्सल गावरान विनोद आहे, आणि काही पानांनंतर तो शब्दशः खरा ठरू लागतो. त्यांच्या जादूची जात ही अशी आहे.

उलट काही ठिकाणी अलौकिक असे काहीच घडत नाही, आणि तरी प्रसंग स्वप्नासारखा होतो. पेद्रोने जन्मभर जिच्यावर जीव लावला ती सुसाना सान हुआन मरते तेव्हा गावातल्या साऱ्या घंटा वाजू लागतात आणि दिवसेंदिवस थांबतच नाहीत. लोकांना एकमेकांचे बोलणे ऐकू येईना म्हणून ओरडून बोलावे लागते. घंटानाद ऐकून आसपासच्या गावांतून माणसे लोटतात, त्यांना वाटते जत्रा आहे. वाजंत्री येतात, सर्कस येते, कोंबड्यांच्या झुंजी लागतात, आणि शोकाचा उत्सव होऊन बसतो. संतापलेला पेद्रो पारामो ठरवतो की आता आपण हाताची घडी घालून बसायचे आणि कोमालाने उपाशी मरायचे. ते तसेच होते. या सगळ्या साखळीत चमत्कार कुठेच नाही. आहे तो एका जमीनदाराच्या हातात अख्ख्या गावाची भाकरी असण्याचा परिणाम.

मार्केस यांचा विषय निघालाच आहे तर त्यांच्यावरचे रुल्फोंचे ऋणही सांगायला हवे. 1961 मध्ये ते मेक्सिको सिटीत राहायला आले, तेव्हा चार पुस्तके लिहून झालेली असूनही पुढे काय लिहावे या विवंचनेत होते. त्यांचे मित्र, कवी आल्वारो मूतिस, पुस्तकांचा गठ्ठा घेऊन सात मजले चढून आले, त्यातले सर्वांत बारके पुस्तक त्यांच्यापुढे टाकले आणि हे वाच, म्हणजे शिकशील, असे खास मित्राच्या भाषेत सुनावले. ते पुस्तक ‘पेद्रो पारामो’ होते. मार्केस यांनी ते त्याच रात्री दोनदा वाचले, आणि पुढे ते त्यांना जवळपास तोंडपाठ झाले. रुल्फोंच्या कादंबरीत एके ठिकाणी, फादर रेंतेरियाला अनेक वर्षांनंतर अमुक एक रात्र आठवणार होती, अशी वाक्यरचना येते. 1967 मध्ये आलेल्या मार्केस यांच्या ‘एकाकीपणाची शंभर वर्षे’चे पहिले वाक्य त्याच चालीवर सुरू होते. याला उसनवारी म्हणण्याचे कारण नाही. पण मार्केस वाचून रुल्फोंकडे येणाऱ्यांनी ओघ उलट दिशेचा आहे हे विसरू नये.

प्रश्न : दोनच पुस्तके लिहून रुल्फो थांबले ते का?

1953 मध्ये कथासंग्रह, 1955 मध्ये कादंबरी, आणि त्यानंतर 7 जानेवारी 1986 रोजी मृत्यू येईपर्यंत तीस वर्षे जवळजवळ काही नाही, असे साधारणतः सांगितले जाते. ‘जवळजवळ’ हा शब्द महत्त्वाचा, कारण 1950 च्या दशकात लिहिलेली ‘सोनेरी कोंबडा’ ही लघुकादंबरी 1980 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यावर 1964 मध्येच चित्रपट निघाला होता आणि त्याच्या पटकथेवर मेक्सिकन कादंबरीकार कार्लोस फुएंतेस आणि मार्केस या दोघांनी काम केले होते. ‘ला कोर्दियेरा’ नावाच्या कादंबरीचा उल्लेख रुल्फो वर्षानुवर्षे करत राहिले, ती आली नाही. कोणी फार खनपटीला बसले की ते सांगत, मला गोष्टी सांगणारे सेलेरिनो काका वारले. हे उत्तर विचारणाऱ्याला वाटेला लावण्यासाठीचे आहे, त्याचा फार कीस काढू नये.

माझ्या मते प्रश्नच थोडा चुकीचा विचारला जातो. रुल्फो आयुष्यभर नोकरी करणारे गृहस्थ होते : आधी सरकारी खात्यात कारकून, मग टायर कंपनीचे फिरते विक्रेते, आणि 1960 च्या दशकापासून अखेरपर्यंत राष्ट्रीय आदिवासी संस्थेच्या प्रकाशन विभागात संपादक. मेक्सिकोतल्या आदिवासी समाजांवरची अनेक पुस्तके त्यांच्या हाताखालून गेली. शिवाय ते उत्तम छायाचित्रकार होते. ज्याने तीनशे पाने लिहून निम्मी फाडली, त्याने पुढचे हस्तलिखित पूर्णच बाजूला ठेवले तर त्यात अनाकलनीय असे काय आहे?

प्रश्न : त्यांचे साहित्य कोणत्या क्रमाने वाचावे?

कथांपासून सुरुवात करा. पहिली ‘आम्हाला जमीन दिली’ : क्रांतीनंतरचे सरकार भूमिहीनांना जमीन देते ती रखरखीत माळाची, आणि नदीकाठची हवी म्हटल्यावर अधिकारी अर्ज लिहून द्या म्हणतो. माळावर चालताना आभाळातून एकच थेंब पडतो, सगळे दुसऱ्याची वाट पाहतात, आणि दुसरा पडत नाही. सोबतच्या एकाने कोटाखाली कोंबडी धरली आहे, ती कशासाठी ते कथेतच वाचावे. त्यानंतर ‘लुविना’ घ्या, कारण कोमालाची पूर्वतयारी तिथे झालेली आहे. मग कादंबरी, शक्यतो एका बैठकीत. ती सव्वाशे-दीडशे पानांचीच आहे. 2024 मध्ये रोद्रिगो प्रिएतो यांनी केलेला तिचा चित्रपट नेटफ्लिक्सवर आहे, पण तो नंतर पाहावा, कारण पडद्यावर प्रत्येक आवाजाला चेहरा द्यावाच लागतो आणि पुस्तकात कितीतरी आवाजांना तो नाही.