‘अस्सल’, ‘प्रमाण’ आणि ‘प्रक्षिप्त’

प्रश्न असा आहे: आरंभीच्या ख्रिस्ती लेखनावरच्या वादात ‘हे पत्र प्रमाण नाही’, ‘अस्सल नाही’, ‘प्रक्षिप्त आहे’ ही विधाने एकमेकांच्या जागी येतात. ती समानार्थी आहेत का?

मुळीच नाहीत. ती एक मानली की अर्धा वाद शब्दांतच अडकतो.

ज्याच्या नावावर लेखन आहे त्यानेच ते लिहिले असेल तर ते अस्सल. प्रमाण म्हणजे धर्मग्रंथ म्हणून मान्य; ते ठरवते मंडळी, म्हणजे चर्च. अलेक्झांड्रियाचे बिशप अथानासियस यांनी 367 साली बायबलमधल्या नव्या कराराच्या 27 पुस्तकांची यादी दिली, ती प्रमाण ग्रंथांची. रोमच्या मंडळीने पहिल्या शतकाच्या अखेरीस करिंथकरांना लिहिलेले, क्लेमेंटच्या नावाने ओळखले जाणारे पत्र अस्सल मानले जाते, पण त्या यादीत नाही. उलट येशूचा शिष्य पेत्र याच्या नावाचे दुसरे पत्र यादीत आहे, आणि ते पेत्राने लिहिले नसावे असे बहुतेक अभ्यासक म्हणतात.

‘प्रक्षिप्त’चा अर्थ आणखी नेमका: मूळ मजकुरात मागाहून घुसडलेले. ज्ञानेश्वरीतली ओवी प्रक्षिप्त असू शकते, अख्खी ज्ञानेश्वरी कशी असेल? सबंध पत्रच दुसऱ्याने रचले असेल तर त्याला बनावट म्हणावे.

अंत्युखियाचे बिशप इग्नेशियस यांच्या पत्रांत दोन्ही प्रकार सापडतात. मध्ययुगात त्यांच्या पत्रसंग्रहात 13 पत्रे होती: सात मूळची, पण भर घालून फुगवलेली, आणि सहा निव्वळ बनावट. म्हणजे ‘इग्नेशियसची पत्रे प्रक्षिप्त आहेत’ हे विधान सातांपुरते आणि तेही त्या लांब पाठापुरतेच खरे. ‘बिशपावाचून काही करू नका’ असे ही पत्रे बजावतात, त्यामुळे बिशपपदच नको म्हणणाऱ्यांना ती खुपत. इंग्लंडमध्ये हा वाद पेटलेला असताना आर्चबिशप जेम्स अशर यांनी 1644 मध्ये जुन्या लॅटिन भाषांतराच्या आधारे भर वेगळी काढून दाखवली. स्वतः बिशपपदाचे कैवारी असून त्यांनी आपल्या बाजूच्या मजकुराला कात्री लावली, याचे मला फार मोल वाटते. दोन वर्षांनी आयझॅक व्होसियस यांनी फ्लॉरेन्सच्या हस्तलिखितावरून ही भर नसलेला छोटा ग्रीक पाठ छापला.

तरीही ‘अस्सल’वरून थेट ‘अधिकार’ सिद्ध होत नाही. पत्र अस्सल ठरले तर इग्नेशियस यांचे मत कळते; बिशपाला सर्वाधिकार देणारी तीच व्यवस्था सगळीकडे होती, हे त्यातून निघत नाही. रोमकरांना लिहिलेल्या त्यांच्या पत्रात तर रोमच्या कुणा बिशपाचा उल्लेखच नाही.