सिमलिंकचं ‘निराकरण’ होतं का?

चोपड्याहून एकाने विचारलंय: लिनक्स या संगणकप्रणालीची मार्गदर्शिका मराठीत आणताना ‘सिम्बॉलिक लिंक (थोडक्यात सिमलिंक) रिझॉल्व्ह करणे’ला ‘सांकेतिक दुव्याचे निराकरण करणे’ लिहिलं, तर चालेल का?

दुवा चालेल. ‘सांकेतिक’ जरा खटकतं. सांकेतिक भाषा म्हटली की गुप्त लिपी आठवते, आणि सिमलिंकमध्ये गुप्त काहीच नसतं, दुसऱ्या फायलीचा पत्ता साध्या अक्षरांत लिहिलेला असतो. पण शब्द रुळलाय, राहू द्या.

‘निराकरण’ मात्र नको. निराकरण म्हणजे दूर सारणं. तक्रारीचं निराकरण झालं की तक्रार उरत नाही. इथे दुवा जागच्या जागी राहतो, आपण फक्त तो कुठे पोचतो ते बघतो. अहिराणीत वाटेवर विचारतात तसं, ‘हाऊ रस्ता कथा जास?’

माझ्याकडे आजोबांच्या जमिनीचे कागद स्कॅन करून ठेवलेत. जुन्या कागदांवर जिल्हा ‘पश्चिम खानदेश’, म्हणून त्या नावाचा दुवा केला आणि तो ‘धुळे’ फोल्डरकडे वळवला. नंदुरबार जिल्हा १९९८ साली धुळ्यातून वेगळा झाला, म्हणून ‘धुळे’च्या आत ‘नंदुरबार’ हा आणखी एक दुवा, बाहेरच्या फोल्डरकडे जाणारा. आता ‘रीडलिंक पश्चिम-खानदेश/नंदुरबार’ ही आज्ञा दिली तर उत्तर येतं ‘../नंदुरबार’. आत लिहिलेलं जसंच्या तसं वाचून दाखवलं, बस. आणि ते दोन टिंब, म्हणजे ‘एक फोल्डर वर जा’, आपण उभे आहोत तिथून मोजायचे नसतात, दुवा ज्या फोल्डरात आहे तिथून मोजायचे. मी यावर एक अख्खी दुपार घालवलीय. त्याऐवजी ‘रिअलपाथ’ ही आज्ञा दिली तर दोन्ही दुवे ओलांडून मुळापासूनचा पत्ता मिळतो: ‘/होम/कागद/नंदुरबार’.

या दुसऱ्या कामाला मराठीत शब्द तयार आहे: माग काढणे. ‘माग’ मुळात ‘मार्ग’च, म्हणजे ‘पाथ’ही (फायलीपर्यंतची वाट) त्यात आलाच. धुळ्यात माग म्हटलं की आधी यंत्रमाग ऐकू येईल, पण ‘काढणे’ जोडलं की घोळ राहत नाही. शिवाय बाकीच्या अवस्थाही सहज सांगता येतात. मूळ फाइल पुसली गेली असेल तर ‘माग तुटला’. दोन दुवे एकमेकांकडेच बोट दाखवत असतील तर ‘माग लागत नाही’. लिनक्स अशा वेळी चाळीस दुव्यांनंतर हात टेकतो.

तेव्हा रीडलिंकला ‘दुवा वाचणे’ लिहा आणि रिअलपाथला ‘दुव्याचा शेवटपर्यंत माग काढणे’.